डाव्या पायाची मोकळीक

सुदर्शन मदने रोज पहाटे बिरोबाच्या देवळामागे डाव्या पायावर लंगडी घालायचा. सहाशे उड्या. वय एकोणतीस, धंदा हमाली, दोन मुलींचा बाप. असा माणूस पहाटे एकट्यानं लंगडी घालतो म्हणजे नवसच असणार, हे गावानं दोन दिवसांत ठरवून टाकलं. तिसऱ्या दिवशी कोणीतरी त्याच्या पायावर पाणी घातलं. पाचव्या दिवशी पुजाऱ्यानं विचारलं, "मुलग्यासाठी व्हय?" सुदर्शनला दम लागला होता, म्हणून त्यानं नुसती मान हलवली. आठवडाभरात दोन बायका त्याच्या डाव्या पायाला हळदकुंकू वाहून गेल्या. उजव्या पायाकडे कोणी पाहिलं नाही.

खरं सांगायचं तर सुदर्शन आपल्या सासऱ्याला अशक्त करत होता.

याची सुरुवात पुण्याच्या एका प्रयोगशाळेत झाली, आणि तिथं कोणाच्याही मनात काही वाईट नव्हतं. डॉ. मृदुला केसकर यांना जिवंत माणसाच्या स्नायूच्या पेशीत रेणू कसे हिंडतात ते मोजायचं होतं. पेशी म्हणजे पाण्यानं भरलेला फुगा असं आपण शाळेत शिकतो. स्नायूची पेशी तशी नसते. ती लांबट असते आणि आतून ठासून भरलेली असते. लांबीच्या दिशेनं प्रथिनांचे धागे रचलेले, त्यांच्यामध्ये अरुंद वाटा, आणि त्या वाटांतून फॉस्फोक्रिएटिनसारखे ऊर्जेचे रेणू इकडून तिकडे जात असतात. जातात म्हणजे त्यांना कोणी नेत नाही. धडकत, ठेचकाळत, दिशा न ठरवता ते पसरत राहतात. पेशी थकली की फुगते, वाटा तुंबतात, पसरणं मंदावतं. विश्रांती मिळाली की वाटा पुन्हा उघडतात. वय झालं की मात्र मध्ये भिंती उभ्या राहतात, आणि त्या विश्रांतीनं पडत नाहीत.

हे मोजायचं कसं, तर चुंबकानं. रेणूंना त्यांच्या जागेप्रमाणे खूण करायची, क्षणाचा काही भाग थांबायचं आणि खुणा किती विस्कटल्या ते पाहायचं. पूर्वी यासाठी खोलीभर यंत्र लागायचं. केसकरबाईंनी ते पोटरीला बांधायच्या पट्ट्यात बसवलं. पट्टा शून्य ते शंभर यांमधला एक आकडा द्यायचा. त्या आकड्याला बाईंनी नाव दिलं: मोकळीक.

पट्टा पहिल्यांदा आला तो सुदर्शन हमाली करायचा त्या हळदबाजारात. पाठीवर पोती वाहणारी चारशे माणसं एका जागी दुसरीकडे कुठं मिळणार. केसकरबाई स्वतः येऊन हमालांना समजावून गेल्या. त्या बोलू लागल्या आणि सुदर्शनच्या टोळीतला इलाही मुल्ला म्हणाला, "म्हंजे गोदामच की ओ बाई. थप्पीच्या गल्लीनं सरळ पळालं तर लांब जातोय, आडवं पळालं तर पोत्याला टाळकं."

बाई खूश झाल्या. "अगदी बरोबर. आणि एक लक्षात ठेवा. किती वेळ थांबून बघता त्यावर सगळं आहे. लगेच बघितलं तर प्रत्येक रेणू मोकळाच दिसतो. जरा जास्त थांबलं, की तो भिंतीला आपटताना दिसतो."

"आमचं बी तसंच हाय," इलाही म्हणाला. बाईंनी ते लिहून घेतलं नाही.

बाजारसमितीच्या सभापतींनी पट्ट्याचं उद्घाटन केलं. तो त्यांच्याच पोटरीला बांधला गेला आणि फाटकावरच्या मोठ्या फलकावर आकडा उमटला: बावीस. चारशे हमालांनी तो शांतपणे वाचला. त्याच संध्याकाळी पट्टा बनवणाऱ्या कंपनीनं यंत्रणेत 'दुरुस्ती' नावाची सोय घातली. एखाद्याचा आकडा एकदम भलताच आला, तर ती यंत्राची चूक धरायची आणि त्या माणसाचा शोभेसा जुना आकडा दाखवायचा. सभापतींचा जुना आकडा नव्हता, तो समितीनं ठराव करून अडुसष्ट धरला.

पट्टा कोणाच्या पायात आहे हे ओळखण्याची सोय महाग नमुन्यात होती. समितीनं दुसरा घेतला.

नियम दोनच होते आणि दोन्ही दयाळू होते. ज्याची मोकळीक चाळिसाच्या खाली, त्याला ओझं नाही. त्याला शाल, नारळ आणि घर. बाकीच्यांना मोकळिकीच्या मापानं ओझं. ज्याला जास्त त्याला जास्त, म्हणजे कोणावर अन्याय नको.

आता या बाजारात टोळ्यांची एक जुनी रीत होती. हमाल म्हातारा झाला की त्याच्या हातात खडू द्यायचा. तो थप्पीशेजारी उभा राहून दर पोत्याला भिंतीवर रेघ मारायचा, आणि त्याच्या वाटणीचं ओझं टोळीतले तरणे आपसांत वाहायचे. कागदावर तो हमालच असायचा. धुळाप्पा व्हनमाने, सुदर्शनचा सासरा, एकसष्ट वर्षांचा, तीन वर्षं खडूवर होता. यंत्रणा आली आणि पोती आपोआप मोजली जाऊ लागली. भिंत रंगवून तिच्यावर मोकळिकीचं बोधचिन्ह काढलं.

सुदर्शन बायको-मुलींसह धुळाप्पाच्याच घरी राहायचा. पट्टे वाटले त्या रात्री धुळाप्पाची मुलगी पूनम नवऱ्याला, म्हणजे सुदर्शनला, म्हणाली, "आवो, आबा झोपल्यावर मी तुमच्या मोबाईलवर त्यांचा पट्टा बघितला. अडतीस."

"चाळिसाला दोनच कमी."

"दोन कमी म्हंजे घरी. घरी बसवलं तर आबा पावसाळा बघायचा न्हाई. आईच्या माघारी त्यांचं सगळं त्या बाजारातच हाय." ती थांबली. मग म्हणाली, "तुमचा पाय कितीचा?"

सुदर्शनचा उजवा पाय एकोणऐंशी होता, डावा चौऱ्याऐंशी. थप्पीला लावलेल्या फळीवर तो नेहमी डावा पाय आधी टाकायचा, त्याचा परिणाम. दुसऱ्या दिवसापासून सासऱ्याचा पट्टा जावयाच्या डाव्या पोटरीला गेला, आणि सासऱ्याच्या पोटरीला, तो झोपेत असतानाच, वाटपात बाद होऊन भंगारात पडलेला एक बिघडका पट्टा आला. त्याचा दिवा तेवढा लागायचा. दोघं फाटकातून जोडीनंच आत जायचे, त्यामुळे फलकाला शंका यायचं कारण नव्हतं.

धुळाप्पाला यातलं काही सांगायची सोय नव्हती. तो जावयाच्या हातून पाण्याचा तांब्या घेणाऱ्यांतला नव्हता. जावई म्हणजे घरचा देव, त्याच्याकडून काम करून घेतलं तर सात पिढ्या खाली जातात, हे त्याचं ठाम मत होतं. एकाच टोळीत तीन वर्षं सुदर्शन त्याच्या वाटणीचं पोतं वाहत होता, तेव्हा धुळाप्पा खडू घेऊन दुसरीकडे तोंड करून उभा राहायचा आणि रेघ अंदाजानं मारायचा.

पहिल्या सकाळी फलकावर आलं: व्हनमाने धुळाप्पा, चौऱ्याऐंशी.

टोळी पोत्यांकडे वळली. सगळ्यांना ठाऊक होतं. नळावर आंघोळीला बसल्यावर दोन पायांत दोन पट्टे लपत नाहीत; फक्त धुळाप्पा जावई नळावर असताना तिकडं फिरकत नसे.

धुळाप्पानं फलक वाचला. पुन्हा वाचला. मग पोटरीवरच्या त्या बिघडक्या पट्ट्यावर हात ठेवला, शेळीच्या पाठीवर ठेवावा तसा.

"मला वाटतच व्हतं," तो म्हणाला.

"काय, मामा?" सुदर्शननं विचारलं.

"गुडघं दुखत्यात ते थंडीनं. आत माल हाय."

पूनमचा हिशेब इथंच चुकला होता. म्हातारा बाजारात राहावा म्हणून त्याला चौऱ्याऐंशी मिळवून दिले, पण चौऱ्याऐंशी मिळाले की चौऱ्याऐंशीचं ओझंही मिळतं हे दोघांच्याही लक्षात आलं नाही. यंत्रणेनं धुळाप्पाला वरच्या थराचं काम दिलं. पन्नास किलोचं पोतं पाठीवर घेऊन फळी चढायची आणि थप्पीच्या माथ्यावर टाकायचं.

सुदर्शननं पहिलं पोतं त्याच्या आधी उचलायला हात घातला.

"ऱ्हाऊ द्या जावईबापू," धुळाप्पा म्हणाला. "तुमी एकोणऐंशी. दमचाल."

संध्याकाळी म्हातारा घरी आला तो भिंतीला धरून. जेवला नाही. पण झोपताना नातींना सांगत होता, की तुमच्या बापापेक्षा तुमचा आजा पाच गुणांनी पुढं हाय. पूनम भाकरी थापत ऐकत होती. भाकरी करपली.

"उद्या काढून टाका तुमच्या पायातनं," ती म्हणाली.

"काढला की अडतीस. अडतीस म्हंजे घरी. आणि आता घरी बसवलं तर..." सुदर्शन म्हणाला. चौऱ्याऐंशीवरून घरी बसणं आणि अडतीसवरून घरी बसणं यांत फरक होता.

"मग कमी करा," पूनम म्हणाली. "पाय तुमचाच हाय न्हवं. दमवा त्याला."

तर ही लंगडी. सहाशे उड्या मारल्या की डाव्या पोटरीच्या पेशी फुगायच्या, वाटा तुंबायच्या, आणि सकाळी फलकावर धुळाप्पाची मोकळीक बावन्नच्या आसपास यायची. पास व्हावं पण पहिलं येऊ नये, इतपत. बावन्नला खालच्या थराचं काम मिळायचं. चारशे उड्यांना एकसष्ट, आठशेला त्रेचाळीस. पण आठशेनंतर सुदर्शनला स्वतःचं ओझं घेऊन फळी चढता येत नसे. एकदा तो फळीवरून घसरला. धुळाप्पा खालून म्हणाला, "पावनं, खात जावा काहीतरी."

अधूनमधून अंगात कसकस असली की सुदर्शनला लंगडीला उठता येत नसे. त्या दिवशी धुळाप्पा पुन्हा चौऱ्याऐंशी व्हायचा. पुण्यात केसकरबाईंच्या पडद्यावर हा एक ठिपका बाकीच्या ठिपक्यांपासून लांब उठून दिसू लागला. एकसष्ट वर्षांचा स्नायू, थकतो तरण्यासारखा आणि सुधारतोही तरण्यासारखा. भिंती नाहीतच. बाईंनी त्याच्यावर एक टिपण लिहिलं आणि शिष्टाचार म्हणून प्रत समितीला पाठवली. सभापतींनी त्यातलं एकच वाक्य वाचलं, पण ते पुरेसं होतं.

नव्या हळदीच्या पहिल्या सौद्याच्या दिवशी 'आदर्श हमाल' धुळाप्पा व्हनमाने यांच्या हस्ते, किंवा खरं तर पाठीनं, मोसमातलं पहिलं पोतं थप्पीच्या माथ्यावर जाईल असं जाहीर झालं. सभापतींना कचेरीत जुना फोटो सापडला होता. त्यात शंभर किलोचं पोतं होतं. सभापती परंपरेचे अभिमानी होते.

आदल्या दिवशी दिवेलागणीला सुदर्शननं डाव्या पायातला पट्टा सोडला आणि सासऱ्यासमोर ठेवला.

"मामा, हा तुमचा. दोन महिने माझ्या पायात व्हता. तुमच्या पायातला बिघडलेला हाय."

धुळाप्पानं पट्टा बाजूला सारला. मग मुलीकडे पाहिलं.

"पूनम, जावईबापूस्नी काय कमी केलं का गं आपुन?"

"आबा, खरं बोलत्यात ते. मीच सांगितलं व्हतं."

"नवरा हाय, त्याच्या बाजूनं बोलणारच तू. बोलावंच." त्याचा आवाज मऊ होता. "पर जळू नये माणसानं. घरातल्या घरात तर न्हाईच."

पूनम उठली. तिनं बापाच्या पोटरीचा बिघडका पट्टा ओढून काढला, खरा बांधला आणि नवऱ्याचा मोबाईल त्याच्या डोळ्यांसमोर धरला. थोड्या वेळानं आकडा आला. एकतीस. दोन महिन्यांच्या ओझ्यानं त्याचे सात गुण खाल्ले होते.

धुळाप्पानं आकडा वाचला. पट्ट्यावर बोटानं टिचकी मारली. पुन्हा वाचला.

"बिघडलाय ह्यो," तो म्हणाला. "तरणा पाय बांधून बांधून बिघडवला तुमी. ते यंत्र कशाला खोटं बोललं व्हतं इतके दिवस? माझा त्याचा काय बांधाचा वाद हाय?"

"काढा मग," सुदर्शन म्हणाला.

"का काढू? माझ्या नावाचा हाय. माझ्या पायात ऱ्हाईल तर सुधारंल सकाळपतूर."

नवरा-बायकोनं मनातल्या मनात हिशेब मांडला. एकतीस घेऊन म्हातारा उद्या फाटकाशी जाईल, फलक त्याला अडवेल, लोक हसतील, तो चार महिने कोणाशी बोलणार नाही. पण वर चढणार नाही. त्या रात्री सुदर्शन बऱ्याच दिवसांनी गाढ झोपला, आणि पहाटे लंगडीला उठला नाही.

सकाळी फाटकाशी मंडप होता. धुळाप्पा नवा फेटा बांधून पुढं झाला. फलकावर आकडा उमटला: एकतीस. मंडपातले लोक मान उंचावून बघू लागले. मग आकडा लुकलुकला आणि त्याच्या जागी दुसरा आला. काल बावन्न, आज एकतीस; दोन महिने चाळिसाच्या वर राहिलेला माणूस एका रात्रीत चाळिसाखाली येत नाही, तेव्हा ही चूक आहे, असं यंत्रणेनं जाणलं होतं आणि दोन महिन्यांतला शोभेसा आकडा काढला होता. चौऱ्याऐंशी. बाजूला हिरव्या अक्षरांत लिहिलं होतं: दुरुस्त.

धुळाप्पा वळला आणि जावयाकडे पाहून हसला. त्या हसण्यात काही वाईट नव्हतं. त्यानं माफ केलं होतं.

चौघांनी पोतं त्याच्या पाठीवर ठेवलं. सुदर्शन सभापतींच्या दिशेनं दोन पावलं गेला, तेवढ्यात इलाहीनं त्याचा दंड धरला. "बोललास तर पट्ट्यात फसवणूक, म्हंजे अख्ख्या टोळीचा परवाना जातोय. बारा घरं हाईत." सुदर्शननं दंड सोडवून घेतला आणि सभापतींकडे न जाता फळीकडे गेला. सासऱ्याच्या मागोमाग चढला आणि पोत्याखाली हात लावला.

"कोण?" धुळाप्पानं विचारलं. त्याला मान वळवता येत नव्हती.

"मी, मामा."

"जावयाचा हात न्हाई लावून घेतला कधी. लांब व्हा."

"मामा, लोकांस्नी दिसत न्हाई."

"मला कळतंय न्हवं. लांब व्हा म्हंतो."

सुदर्शन एक पाऊल खाली आला. ते एक पाऊल पुढं त्याला फार वेळा आठवलं. खाली सभापतींचं भाषण चाललं होतं, विज्ञान शेवटच्या माणसापर्यंत पोचल्याबद्दल.

धुळाप्पा माथ्यावर पोचला. पोतं त्यानं टाकलं नाही, नीट ठेवलं, कड कडेला लावून. टाळ्या झाल्या. मग खिशात हात घालून त्यानं खडू काढला, पोत्यावर एक रेघ मारली आणि तिच्याशेजारी बसला. लोकांना वाटलं दम खातोय. भाषण संपेपर्यंत सगळ्यांना तसंच वाटत होतं.

त्याला खाली आणायला चौघं लागले. यंत्रणेच्या पत्रकात या कामाला ओझ्याचा रकाना नव्हता, म्हणून ते कोणाच्याच नावावर पडलं नाही.

समितीनं चौकशी केली. चौऱ्याऐंशी मोकळिकीचा माणूस एका पोत्यानं मरू शकत नाही, तेव्हा मृत्यू घरगुती कारणानं झाला असा निष्कर्ष निघाला. बाजाराच्या फाटकात धुळाप्पाचा फोटो लागला. खाली नाव, आणि नावाखाली ८४.

बाराव्याच्या दुसऱ्या दिवशी केसकरबाई घरी आल्या. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. चहा घेतला, मुलींच्या डोक्यावरून हात फिरवला, फोटोला नमस्कार केला.

"मला एकच विचारायचंय," त्या सुदर्शनला म्हणाल्या. "तुम्ही रोज त्यांच्याबरोबर होता. त्यांच्या आकड्यांत मला काहीतरी कळत नाहीये. पट्टा नेहमी त्यांच्याच पायात असायचा ना?"

सुदर्शननं बायकोकडे पाहिलं. पूनम दारात उभी होती. बाई येण्याआधी ती एवढंच म्हणाली होती, "त्यांच्या फोटोखालचं चौऱ्याऐंशी पुसायचं न्हाई. तेवढंच घेऊन गेल्यात ते. आपुन मारलंच, आता नापास बी करायचं का?"

सुदर्शन बोलायला तोंड उघडत होता. त्याला वेळ लागत होता, इतकंच. बाईंनी घड्याळ पाहिलं. पुण्याची गाडी होती.

"असू द्या," त्या हळूच म्हणाल्या. "आत्ता नको तुम्हाला त्रास." आणि उठल्या. आणखी जरा थांबल्या असत्या तर त्यांना भिंत दिसली असती. त्यांच्याच शास्त्रात तसं लिहिलं आहे.

धुळाप्पाचे आकडे त्यांनी काढून टाकले नाहीत. काढायला कारण नव्हतं. वय आणि मोकळीक यांचा जो आलेख सगळ्या राज्यात वापरायचा होता, त्याचं म्हातारपणाकडचं टोक त्या एका माणसामुळे वर उचललं गेलं. साठीच्या पुढचा स्नायू चौऱ्याऐंशीपर्यंत जाऊ शकतो हे आता सिद्ध होतं; जो जात नाही तो प्रयत्न करत नाही. पुढच्या मोसमात राज्यातल्या सर्व बाजारांत चाळिसाची मर्यादा पन्नास झाली. पत्रकाच्या वर धुळाप्पाचा फोटो होता.

सुदर्शन पत्रक घेऊन घरी आला. पूनमनं वाचलं, घडी घातली आणि डब्याखाली ठेवलं. दुसऱ्या दिवशी सवयीनं सुदर्शनला पहाटे जाग आली, आणि घरात बसवेना म्हणून तो बिरोबाच्या देवळाकडे निघाला.

देवळामागे माणसं होती. पंधरा-वीस असतील. कोणी जावई, कोणी पुतण्या, कोणी पोटचा मुलगा. प्रत्येकाच्या दोन्ही पोटऱ्यांना पट्टे होते. सगळी अंधुक उजेडात, एकमेकांकडे न बघता, लंगडी घालत होती. पुजारी बाजूला कळशी घेऊन उभा होता. एवढा जागृत देव पंचक्रोशीत नाही, असं तो आल्यागेल्याला सांगत होता.

इलाही मुल्ला त्यांच्यात होता. त्याचा चाचा अठ्ठावन्न वर्षांचा होता. सुदर्शनला पाहून तो थांबला, धापा टाकत जवळ आला आणि आवाज खाली आणून, जाणत्या माणसाला विचारावं तसं विचारलं:

"पन्नासच्या वर ऱ्हायाला पायजे, पर लई वर नको. किती मारू?"

सुदर्शननं थोडा विचार केला.

"चाचा फळी चढतो का खाली असतो?"

"खाली."

"सहाशे," सुदर्शन म्हणाला. "डाव्यावर."